पगारपत्रक कंपनीबाहेर का जाते

कोणत्याही मध्यम आकाराच्या कंपनीतील मनुष्यबळ विभागाच्या कामाची फोड करून पाहिली, तर दोन अगदी भिन्न स्वभावांची कामे एकाच खात्यात नांदताना दिसतात. हजेरीवरून पगार काढणे, त्यातून भविष्य निर्वाह निधी, कर्मचारी राज्य विमा, व्यवसायकर आणि आयकर यांची कपात करून ती ठरलेल्या तारखेच्या आत भरणे, रजांच्या नोंदी ठेवणे, नव्याने रुजू होणाऱ्याची कागदपत्रे तपासणे आणि नोकरी सोडणाऱ्याचा अखेरचा हिशेब चुकता करणे ही झाली एका प्रकारची कामे. तर कोणाला नोकरीवर घ्यावे, कोणाला बढती द्यावी, साहेबाविरुद्ध आलेल्या तक्रारीत तथ्य आहे की नाही आणि मंदी आलीच तर कोणाला कमी करावे, हे ठरवणे हा दुसरा प्रकार. पहिल्या प्रकारात नियम आधीच लिहिलेला असतो आणि बरोबर उत्तर एकच असते, तर दुसऱ्या प्रकारात माणसांची ओळख आणि तारतम्य यांवाचून पाऊल टाकता येत नाही. कंपन्या बाहेर सोपवतात ती बहुतांशी पहिल्या प्रकारची कामे, आणि ती सोपवण्यामागचे खरे कारण स्वस्त मजुरी हे नसून नियमांचे ज्ञान सतत ताजे ठेवण्याचा खर्च हे आहे, हे या प्रकरणाचे मुख्य प्रतिपादन आहे.

संस्थेला स्वतः करता येण्याजोगे काम कराराने दुसऱ्या संस्थेकडे सोपवणे म्हणजे आउटसोर्सिंग. मनुष्यबळ सेवांच्या बाबतीत त्याचे स्वरूप केवळ पगारपत्रक बाहेरून करून घेण्यापासून ते जवळजवळ सारा विभागच सेवाकंपनीच्या हाती देण्यापर्यंत कोणतेही असू शकते. मात्र याहून वेगळी असलेली एक पद्धत अनेकदा याच नावाने ओळखली जाते आणि त्यामुळे गोंधळ होतो. कामगारच मुळी दुसऱ्या संस्थेच्या पटावर ठेवून त्यांच्याकडून आपल्या कारखान्यात काम करून घेणे, म्हणजे कंत्राटी मनुष्यबळ वापरणे, यात माणसे बाहेरची होतात. पगारपत्रक बाहेर दिल्याने माणसे मात्र कंपनीचीच राहतात, फक्त त्यांचा हिशेब दुसरीकडे होतो. या प्रकरणाचा विषय पगारपत्रक बाहेर देण्याचा हा व्यवहार आहे.

एखादी गोष्ट संस्थेने स्वतः करावी की विकत घ्यावी, या प्रश्नाला अर्थशास्त्रात पहिले समर्पक उत्तर दिले ते रोनाल्ड कोस या ब्रिटिश अर्थशास्त्रज्ञाने, १९३७ साली लिहिलेल्या एका निबंधात. बाजारातून सेवा घ्यायची म्हटली की किंमत शोधणे, बोलणी करणे, करार लिहिणे आणि त्याच्या पालनावर लक्ष ठेवणे यांना खर्च येतो. हा व्यवहारखर्च जिथे संस्थेतच काम करून घेण्याच्या खर्चापेक्षा कमी पडतो, तिथे संस्थेची सीमा संपते आणि बाजार सुरू होतो, असा त्याचा युक्तिवाद होता. कोस यांना १९९१ मध्ये अर्थशास्त्राचे नोबेल मिळाले. पगाराच्या हिशेबाला ही कसोटी लावली, तर त्याचे स्वरूप सगळ्या कंपन्यांत सारखे, निकाल तपासायला सोपा आणि चूक लगेच उघडकीला येणारी, असे दिसते. म्हणजे करारात बांधायला इतके सोयीचे काम कार्यालयात दुसरे क्वचितच सापडेल.

त्यामुळे या धंद्याची सुरुवात पगारापासूनच झाली, यात नवल नाही. अमेरिकेतील न्यू जर्सी राज्यातल्या पॅटर्सन या गिरण्यांच्या गावात हेन्री टाउब या तरुण हिशेबनिसाने १९४९ मध्ये इतर कंपन्यांचे पगार काढून देणारी संस्था सुरू केली. तिचे मूळचे नाव ऑटोमॅटिक पेरोल्स. पुढे ती एडीपी या आद्याक्षरांनी जगभर पसरली आणि आज तिचे मोठे काम हैदराबाद आणि पुणे येथूनही चालते. पगाराचा कारकून आजारी पडला तरी कामगारांच्या हातात पगार वेळेवर पडला पाहिजे, ही साधी गरज या धंद्याच्या मुळाशी होती. एका गावातल्या अनेक छोट्या कंपन्यांचे तेच ते काम एका जागी आले की त्यासाठी यंत्रे घेणे परवडते, आणि पुढे संगणक आल्यावर तर हा फायदा कैक पटींनी वाढला.

पगार बाहेर देणे वेगळे आणि विभागच बाहेर देणे वेगळे. ही दुसरी कल्पना रुजली ती १९९० च्या दशकात. कोईमतूरमध्ये जन्मलेले सी. के. प्रल्हाद आणि त्यांचे सहलेखक गॅरी हॅमेल यांनी १९९० मध्ये गाभ्याच्या क्षमतेचा सिद्धांत मांडला. कंपनीने आपली शक्ती ज्या मोजक्या गोष्टींत ती इतरांहून सरस आहे त्यांवरच एकवटावी, असा त्याचा आशय होता, आणि त्यावरून बाकीची कामे बाहेर द्यायला हरकत नाही असा अर्थ व्यवस्थापकांनी काढला. १९९९ मध्ये बीपी या तेलकंपनीने एक्झल्ट नावाच्या नवख्या कंपनीशी सात वर्षांचा, सुमारे ६० कोटी डॉलरचा करार करून आपल्या मनुष्यबळ विभागाची बरीचशी कामे तिच्याकडे सोपवली. २००३ मध्ये प्रॉक्टर अँड गॅम्बलने आयबीएमशी दहा वर्षांचा, सुमारे ४० कोटी डॉलरचा करार केला, तेव्हा तिच्या मनुष्यबळ विभागातील शेकडो माणसे त्या करारासोबतच आयबीएमच्या सेवेत गेली.

या स्थलांतरित माणसांच्या बाजूने पाहिले, तर पीटर ड्रकर यांनी १९८९ मध्ये मांडलेला मुद्दा महत्त्वाचा ठरतो आणि तो पुरेसा चर्चिला जात नाही. पोलाद बनवणाऱ्या कंपनीत पगारपत्रक पाहणारा कर्मचारी कितीही हुशार असला तरी त्याला वर चढायला शिडी नसते, कारण तिथला मान आणि बढती पोलाद जाणणाऱ्यांसाठी असते. तेच काम ज्या संस्थेचा मुख्य धंदा आहे, तिथे मात्र तोच कर्मचारी तिच्या सर्वोच्च पदापर्यंत जाऊ शकतो. साहाय्यक कामे बाहेर गेल्यावर त्यांची गुणवत्ता सुधारण्याचे एक कारण हे आहे. अर्थात ती शिडी बाहेरच्या संस्थेने खरोखर उभी केली असेल तरच हे लागू पडते, आणि महिनाअखेरीला रात्र-रात्र बसणाऱ्या, वर्षभरात नोकरी बदलणाऱ्या कर्मचाऱ्यांवर चालणाऱ्या सेवाकंपन्यांत ती उभी नसते.

भारतात, आणि विशेषतः महाराष्ट्रातील औद्योगिक वसाहतींत, या पद्धतीची मुळे या बड्या करारांपेक्षा कितीतरी साध्या जागी सापडतात. भोसरी, चाकण, वाळूज किंवा अंबड येथील लहान कारखानदार पीएफ आणि ईएसआयचे काम पिढ्यान्‌पिढ्या ‘लेबर कन्सल्टंट’कडे देत आले आहेत. त्यांनी कधी त्याला आउटसोर्सिंग म्हटले नाही, पण व्यवहार तोच होता, आणि त्यामागचे कारण समजून घ्यायला दीडशे कामगारांच्या एखाद्या कारखान्यातला महिना जवळून पाहणे पुरेसे आहे.

महिन्याच्या २५ तारखेच्या सुमारास मस्टर बंद होते. बायोमेट्रिक यंत्रावरच्या नोंदी आणि पर्यवेक्षकांकडचे कागद जुळवून हजर दिवस, भरपगारी रजा, बिनपगारी रजा आणि जादा कामाचे तास ठरवले जातात, आणि इथेच सर्वांत जास्त चुका होतात, कारण रात्रपाळीचा कामगार आत येतो एका तारखेला आणि बाहेर पडतो दुसऱ्या. मग कपाती. ज्याचे मूळ वेतन आणि महागाई भत्ता मिळून १५,००० रुपये आहेत, त्याच्या पगारातून भविष्य निर्वाह निधीसाठी १२ टक्क्यांनी १,८०० रुपये कापले जातात आणि मालकाला तेवढेच घालावे लागतात. पण मालकाच्या १,८०० पैकी १,२५० रुपये निवृत्तिवेतन योजनेत आणि उरलेले ५५० निधीच्या खात्यात जातात. कर्मचारी राज्य विम्यासाठी कामगाराचा वाटा ०.७५ टक्के आणि मालकाचा ३.२५ टक्के असतो, आणि दरमहा २१,००० रुपयांची वेतनमर्यादा मध्येच ओलांडली गेली तरी एप्रिल ते सप्टेंबर किंवा ऑक्टोबर ते मार्च हा चालू अंशदान-कालावधी संपेपर्यंत कपात थांबवता येत नाही. महाराष्ट्राचा व्यवसायकर दरमहा २०० रुपये, पण फेब्रुवारीत ३०० रुपये असतो, कारण राज्यघटनेने घातलेली वर्षाची २,५०० रुपयांची मर्यादा तशीच गाठता येते. आणि दरमहा २५,००० रुपयांपर्यंत पगार असलेल्या महिलांना एप्रिल २०२३ पासून तो माफ आहे. कामगार कल्याण निधीची कपात वर्षातून दोनदाच, जून आणि डिसेंबरमध्ये. पगार पुढच्या महिन्याच्या सात तारखेच्या आत, पीएफ आणि ईएसआयचे चलान पंधरा तारखेच्या आत.

यातली एकेक गोष्ट अवघड नाही. अवघड आहे ते सगळ्या गोष्टी दरमहा, न चुकता आणि बदलत्या नियमांनिशी लक्षात ठेवणे. ज्ञानाचा हा खर्च दीडशे कामगारांसाठी जेवढा असतो जवळजवळ तेवढाच पंधराशेंसाठीही असतो, म्हणून दरडोई पाहिला तर लहान कारखान्याला तो फार जड जातो. कन्सल्टंट किंवा पगारसेवा कंपनी हाच खर्च अनेक कारखान्यांत वाटून टाकते. तिच्या बिलावर १८ टक्के वस्तू व सेवाकर लागतो, तरी बहुतेक उत्पादकांना त्याची वजावट मिळत असल्यामुळे त्याचा अडसर होत नाही.

उशिराची किंमतही थोडी नाही. पीएफची रक्कम उशिरा भरली तर वर्षाला १२ टक्के व्याज आणि वर नुकसानभरपाई द्यावी लागते. ऑक्टोबर २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने चेकमेट सर्व्हिसेसच्या खटल्यात दिलेल्या निकालाने ही किंमत आणखी वाढली. कामगाराच्या पगारातून कापलेला वाटा ही मालकाची रक्कम नव्हे, तो कामगाराचा पैसा मालकाच्या हाती विश्वासाने ठेवलेला असतो, म्हणून तो संबंधित कायद्याने ठरवलेल्या तारखेनंतर भरल्यास आयकरात त्याची वजावट मिळणार नाही, असे न्यायालयाने म्हटले. संकेतस्थळ अडल्यामुळे सोळा तारखेला भरलेल्या चलानाचीही अशी किंमत मोजावी लागू शकत होती, हे लक्षात आल्यावर आपले हिशेब स्वतःच पाहणाऱ्या अनेक मालकांना बाहेरच्या तज्ज्ञाची गरज पटली, तर त्यात वावगे काही नव्हते.

नियम बदलतात तेव्हा ही गरज अधिकच तीव्र होते. केंद्राचे २९ कामगार कायदे एकत्र करून केलेल्या चार संहिता २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झाल्या. त्यांतील वेतनाच्या नव्या व्याख्येनुसार घरभाड्यासारखे वगळलेले भत्ते एकूण मोबदल्याच्या निम्म्याहून अधिक झाले, तर वरची रक्कम वेतनातच धरावी लागते. म्हणजे मूळ वेतन कमी आणि भत्ते भरमसाट दाखवून उपदानासारखी देणी कमी ठेवण्याची जुनी सवय आता चालत नाही. नोकरी सोडणाऱ्याचे वेतन दोन कामकाजी दिवसांत चुकते करणे याच संहितांनी बंधनकारक केले, तर ‘फुल अँड फायनल’साठी महिना-दीड महिना थांबवण्याची अनेक कंपन्यांची रीत होती. कंपनीच्या शाखा अनेक राज्यांत असल्या, तर यात आणखी भर पडते. दिल्ली आणि हरियाणात व्यवसायकरच नाही, तमिळनाडूत तो सहामाही आहे आणि स्थानिक स्वराज्य संस्थेकडे भरायचा असतो. पुण्यात बसलेल्या एका लेखापालाने हे सारे ध्यानात ठेवावे, ही अपेक्षा अवाजवी आहे.

आणखीही काही कारणे आहेत, ती थोडक्यात सांगता येतील. वरिष्ठांचे पगार कार्यालयातल्या सहकाऱ्यांच्या नजरेस पडू नयेत म्हणून फक्त त्यांचे पगारपत्रक बाहेर देणारी कौटुंबिक मालकीची कंपनी विरळ नाही. हिंजवडीतल्या सॉफ्टवेअर कंपनीला एका तिमाहीत शेकडो माणसे घ्यायची असतात आणि पुढच्या तिमाहीत एकही नाही, तेव्हा भरतीची आणि उमेदवारांच्या पदव्या, पत्ते व पूर्वीच्या नोकऱ्या पडताळण्याची कायमची व्यवस्था पदरी बाळगणे तिला परवडत नाही. चांगली संगणकप्रणाली विकत घेण्यापेक्षा ती चालवणाऱ्याची सेवा घेणे सोपे पडते, हेही खरे.

आता प्रश्न उरतो तो जबाबदारीचा, आणि कंपन्यांची सर्वांत मोठी गल्लत इथेच होते. करार केल्याने काम दुसऱ्याकडे जाते, दायित्व जात नाही. कन्सल्टंटने चलान भरले नाही तर भविष्य निर्वाह निधी कार्यालयाची नोटीस कंपनीच्या नावाने निघते. कंत्राटी कामगारांच्या बाबतीतही कायद्याची दिशा हीच आहे. कंत्राटदाराने वेतन दिले नाही तर ते मुख्य मालकाने द्यावे आणि नंतर कंत्राटदाराकडून वसूल करावे, अशी तरतूद १९७० च्या कायद्याने केली होती आणि नव्या संहितेने ती कायम ठेवली. सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने २००१ मध्ये भारतीय पोलाद प्राधिकरणाच्या खटल्यात निर्णय दिला, की कंत्राटी पद्धतीवर बंदी आली म्हणून कामगार आपोआप मुख्य मालकाचे होत नाहीत. पण कंत्राट केवळ दिखाऊ असल्याचे सिद्ध झाले, तर ते कामगार मुख्य मालकाचेच ठरतात.

कर्मचाऱ्यांच्या माहितीबाबतही हेच. पगारपत्रकात बँक खाते, आधार, पॅन, घरचा पत्ता आणि वारसाचे नाव एकत्र असते. चोराला हवे ते सारे एकाच फाइलमध्ये. २०२३ मध्ये ब्रिटनमधील झेलिस या पगारसेवा कंपनीच्या वापरातील फाइल पाठवण्याच्या प्रणालीत घुसखोरी झाली, तेव्हा बीबीसी, ब्रिटिश एअरवेज आणि बूट्स या तिच्या ग्राहकसंस्थांतील कर्मचाऱ्यांची माहिती बाहेर गेली. त्या कर्मचाऱ्यांपैकी बहुतेकांनी झेलिसचे नावही ऐकलेले नसणार. भारताच्या २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्याने या बाबतीत संदिग्धता ठेवलेली नाही. माहिती कोणत्या हेतूने आणि कशी वापरायची हे ठरवणारी संस्था, तिच्या वतीने प्रक्रिया करणाऱ्याशी झालेल्या करारात काहीही लिहिलेले असले, तरी स्वतःच उत्तरदायी राहते, आणि पुरेशी सुरक्षा न ठेवल्यास दंड २५० कोटी रुपयांपर्यंत जाऊ शकतो.

कायद्याच्या कक्षेत न येणारे नुकसान आणखी वेगळे, आणि ते सोसावे लागते कामगाराला. महाराष्ट्रात शाळेच्या दाखल्यावर आडनाव आधी, मग स्वतःचे नाव, मग वडिलांचे. आधारवर क्रम वेगळा. आणि ज्ञानेश्वर हे नाव रोमन लिपीत तीन प्रकारे लिहिले जाते. पीएफच्या नोंदीत आणि आधारमध्ये एका अक्षराचा फरक राहिला, की मुलीच्या लग्नासाठी किंवा आईच्या शस्त्रक्रियेसाठी मागितलेली अग्रिम रक्कम अडकते. जुन्या कारखान्यात असा कामगार जेवणाच्या सुट्टीत टाइम ऑफिसच्या खिडकीशी जायचा, तिथला कारकून त्याला ओळखत असायचा आणि कागद पुढे ढकलायचा. काम बाहेर गेल्यावर त्याला तक्रारीचा क्रमांक मिळतो आणि दुसऱ्या शहरातून इंग्रजी किंवा हिंदीत उत्तर येते. हे नुकसान कोणत्याही ताळेबंदात दिसत नाही, म्हणून ते कमी महत्त्वाचे ठरत नाही; उलट कारखान्यात मराठी बोलणारा, निधीचे नियम जाणणारा एक तरी माणूस कंपनीच्या पटावर ठेवणे, ही पगारपत्रक बाहेर देण्याची पूर्वअटच असायला हवी. बाहेरचे काम बरोबर झाले की नाही हे तपासायलाही तोच माणूस लागतो. ज्या कंपनीने हिशेब जाणणारे सगळेच काढून टाकले, तिला चूक कळते ती नोटीस आल्यावर.

करार मोडणे किती अवघड जाते, याचा विचार तो करतानाच व्हावा लागतो. ऑलिव्हर विल्यमसन यांनी, ज्यांना २००९ चे अर्थशास्त्राचे नोबेल मिळाले, कोस यांचा विचार पुढे नेत दाखवून दिले, की एकमेकांसाठीच उपयोगी पडेल अशी गुंतवणूक दोन्ही बाजूंनी झाली की सुरुवातीला खुली असलेली निवड नंतर उरत नाही. दहा वर्षांच्या रजांच्या आणि पगारांच्या नोंदी ज्याच्या प्रणालीत आहेत, त्याला सोडणे सोपे नसते. शिवाय तो सेवादार स्वतःही विकला जाऊ शकतो. ज्या एक्झल्टशी बीपीने करार केला, ती २००४ मध्ये हेविटने घेतली, हेविट २०१० मध्ये एऑनमध्ये गेली, आणि २०१७ मध्ये एऑनने सेवांचा हा धंदा विकल्यावर त्यातून अलाइट ही वेगळी कंपनी उभी राहिली. म्हणून सेवेची पातळी, म्हणजे किती दिवसांत काय आणि चुकीचे प्रमाण किती, हे कलम जितक्या बारकाईने लिहिले जाते, तितक्याच बारकाईने सर्व नोंदी कोणत्या स्वरूपात आणि किती दिवसांत परत मिळतील हे कलम लिहिणे आवश्यक असते.

हिशेब आणि निवाडा यांतली सीमा कुठे आखावी, याचा एक चांगला नमुना भारतीय कायद्यातच सापडतो. कामाच्या ठिकाणी महिलांच्या लैंगिक छळाला प्रतिबंध करणाऱ्या २०१३ च्या कायद्याने दहा किंवा अधिक कर्मचारी असलेल्या प्रत्येक संस्थेत अंतर्गत समिती नेमणे सक्तीचे केले, आणि त्या समितीत स्वयंसेवी संस्थेतील किंवा या प्रश्नाची जाण असलेली एक व्यक्ती बाहेरून घ्यावी, असेही सांगितले. तक्रारदार महिलेला साहेबांच्या दबावापलीकडची एक तरी व्यक्ती समोर दिसावी, हा त्यामागचा विचार आहे. पण तोच कायदा समितीचे अध्यक्षपद संस्थेतल्याच वरिष्ठ पदावरील महिलेकडे ठेवतो आणि किमान दोन सदस्य कर्मचाऱ्यांमधूनच घ्यायला लावतो. तक्रारींची ही चौकशी समूळ बाहेरच्या संस्थेवर सोपवण्याची सोय त्यात नाही. चौकशी ९० दिवसांत पूर्ण व्हावी लागते, आणि समितीच्या शिफारशीवर ६० दिवसांत कृती करण्याचे काम मालकाचे असते.